एन्क्रिप्टेड डीएनएस कुणाचं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सूचना. या पानावर सर्व्हरची नावं नि आकडे देवनागरीत दिले आहेत. फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर भरताना ते इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचे, मध्ये कुठेही जागा सोडायची नाही.

मी कुलपाचं चिन्ह असलेल्याच साइट उघडतो. मग डीएनएसची काळजी कशाला?

कुलूप पानातल्या मजकुराला असतं. पान उघडण्याआधी तुमचा फोन एक प्रश्न विचारतो: या नावाच्या साइटचा आकडी पत्ता काय? हा प्रश्न म्हणजे डीएनएस. ही व्यवस्था १९८३ची आहे आणि तेव्हा लपवाछपवीचा विचार कुणी केला नव्हता. आजही साधा डीएनएस प्रश्न ५३ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे जोडणीचं नंबर दिलेलं दार) उघड्यावर जातो. तुमचा केबलवाला, मोबाइल कंपनी, हॉटेलच्या वायफायचा मालक, मधला कुणीही तो वाचू शकतो, साठवू शकतो, उत्तर बदलूही शकतो. रात्री दोन वाजता कुणी व्यसनमुक्ती केंद्राची साइट शोधली, तर पानावर काय वाचलं ते कळत नाही, पण कुठली साइट शोधली ते कळतं. बहुतेक वेळा तेवढं पुरेसं असतं.

एन्क्रिप्टेड डीएनएस लावलं की मी काय बघतो ते कुणालाच कळत नाही, बरोबर?

नाही. प्रश्न कुणाला तरी विचारावाच लागतो, आणि ज्याला विचारता त्याला तो दिसतो. एन्क्रिप्टेड डीएनएसमध्ये हा प्रश्न सांकेतिक करून पाठवला जातो, त्यामुळे फक्त वाटेवरच्यांचे डोळे झाकले जातात. म्हणजे विश्वास नेटवाल्याकडून उचलून दुसऱ्याच्या हाती द्यायचा. म्हणून आधी प्रोव्हायडर, म्हणजे या प्रश्नांना उत्तर देणारा, निवडायचा आणि मग सेटिंगला हात लावायचा. लोक बहुधा उलटं करतात.

शिवाय तीन गोष्टी उघड्या राहतातच. तुम्ही ज्या सर्व्हरशी जोडले जाता त्याचा आयपी पत्ता, म्हणजे तोच आकडी पत्ता, नेटवाल्याला दिसतो. कधी नि किती डेटा गेला ते दिसतं. आणि सुरक्षित जोडणी सुरू होताना ब्राउझर साइटचं नाव बहुतेक वेळा उघडच सांगतो. याला एसएनआय म्हणतात. ते झाकणारी ईसीएच नावाची सोय फायरफॉक्स आणि क्रोममध्ये २०२३ पासून आली आहे, पण ती समोरच्या साइटनेही लावलेली असावी लागते. गंमत अशी की ईसीएचची किल्ली डीएनएसमधूनच मिळते. डीएनएस उघडं असेल तर नाव त्या प्रश्नातूनच फुटतं आणि ईसीएचचा उपयोग उरत नाही.

मी राउटरमध्ये ९.९.९.९ टाकलंय. झालं ना काम?

अर्धंच झालं. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. राउटरच्या किंवा वायफायच्या सेटिंगमधल्या डीएनएसच्या रकान्यात आकडी पत्ता टाकल्यावर प्रोव्हायडर बदलतो, पण प्रश्न पूर्वीसारखाच पोर्ट ५३ वरून उघडा जातो. आता तो नेटवाल्यालाही दिसतो आणि नव्या प्रोव्हायडरलाही. म्हणजे बघणारे एकाने वाढले.

त्यातही नेटवाला पोर्ट ५३ वरचे सगळे प्रश्न मधेच पकडून स्वतःच्या सर्व्हरकडे वळवू शकतो. तुम्हाला वाटतं क्वाड९ (९.९.९.९ ज्यांचा पत्ता आहे तो प्रोव्हायडर) उत्तर देतंय, पण देत असतो भलताच. हे तपासायला सोपी युक्ती आहे. १९२.०.२.१ हा पत्ता फक्त पुस्तकातल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे; तिथे कुठलाच सर्व्हर नसतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एनएसलुकअप', मग जागा, कुठल्याही साइटचं नाव, पुन्हा जागा आणि १९२.०.२.१ असं टाइप करा. वाट बघून 'टाइम आउट' आलं तर ठीक. उत्तर आलं, तर मधे कुणीतरी बसलेलं आहे.

डीओटी, डीओएच, डीओक्यू... यातलं घ्यायचं कुठलं?

या एन्क्रिप्टेड डीएनएसच्या तीन पद्धती. गुप्तता तिन्हींत सारखीच, फरक वाटेचा. डीओटी (२०१६) ८५३ नंबरच्या वेगळ्या पोर्टवरून जातं, त्यामुळे नेटवर्कवाल्याला ओळखायला नि बंद करायला सोपं. डीओएच (२०१८) ४४३ वरून, म्हणजे नेहमीच्या वेब वाहतुकीत मिसळून जातं. डीओक्यू (२०२२) नवीन आहे, डळमळत्या मोबाइल नेटवर्कवर बरं चालतं, पण सगळे प्रोव्हायडर ते देत नाहीत. प्रत्यक्षात निवड तुमचं उपकरणच करतं: अँड्रॉइडची 'प्रायव्हेट डीएनएस' सोय मुळात डीओटीची, ब्राउझर आणि विंडोज ११ डीओएचचे.

प्रोव्हायडरच्या गोपनीयता धोरणात नेमकं काय शोधायचं?

'आम्ही तुमच्या गोपनीयतेचा आदर करतो' हे वाक्य सोडून पुढे जायचं. खालच्या गोष्टींची उत्तरं स्पष्ट शब्दांत मिळतात का ते बघा.

तुमचा आयपी पत्ता डिस्कवर लिहिला जातो का, आणि जात असेल तर किती तासांनी पुसला जातो? मोजपट्टी म्हणून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची अट वापरता येते. फायरफॉक्समध्ये ज्यांना आधीपासून स्थान मिळतं त्या प्रोव्हायडरांना वापरकर्त्याची ओळख पटेल असा डेटा २४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि तो विकताही येत नाही.

दुसरी गोष्ट ईसीएस. यात प्रोव्हायडर तुमच्या आयपी पत्त्याचा काही भाग, सहसा शेवटचा आकडा वगळून उरलेला, पुढच्या सर्व्हरला कळवतो. त्यामुळे व्हिडिओ जवळच्या सर्व्हरवरून येतो, पण तुम्ही कुठल्या भागातून विचारताय तेही पुढे जातं. गोपनीयता हवी असेल तर ईसीएस बंद असलेला प्रोव्हायडर घ्या.

तिसरी, पुढच्या सर्व्हरांना पूर्ण नाव न सांगता लागेल तेवढाच तुकडा विचारण्याची पद्धत पाळली जाते का. चौथी, डीएनएसएसईसी तपासणी होते का. एन्क्रिप्शनमुळे वाटेत कुणी वाचत नाही. उत्तर मुळात खरं आहे की बनावट हे डीएनएसएसईसी तपासतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि बाहेरच्या कुणी तपासणी केली आहे का. क्लाउडफ्लेअर या प्रोव्हायडरच्या १.१.१.१ सेवेची केपीएमजी या हिशेब तपासणाऱ्या कंपनीने केलेली तपासणी २०२० मध्ये जाहीर झाली. त्यातून कळलं की नेटवर्कच्या देखभालीसाठी एकूण वाहतुकीतला जास्तीत जास्त ०.०५ टक्के नमुना आयपी पत्त्यांसकट घेतला जातो. बाब छोटी आहे, पण जाहिरातीत अशा गोष्टी कुणी लिहीत नाही. तपासणीतच बाहेर येतात.

बरं, मग थेट सांगा: क्वाड९, क्लाउडफ्लेअर की गूगल?

सांगायचंच तर घरातल्या फोनसाठी क्वाड९. ती ना-नफा संस्था आहे, २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये मुख्यालय अमेरिकेतून स्वित्झर्लंडला नेलं. वापरकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवत नाही. नेहमीच्या सेवेत ईसीएस बंद, डीएनएसएसईसी चालू, आणि फसव्या किंवा व्हायरस पसरवणाऱ्या साइटची नावं अडवली जातात. व्हॉट्सॲपवर ई-चलानच्या नावाने एपीके फाइल पाठवणाऱ्यांचा सुळसुळाट असताना आईवडिलांच्या फोनवर हा चाळणीचा फायदा मोठा आहे. मात्र चाळणीला आधी माहीत झालेलंच नाव अडवता येतं. आज सकाळी नोंदवलेला फसवा डोमेन निसटू शकतो. मुख्य नाव डीएनएस.क्वाड९.नेट, आकडी पत्ते ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२. त्यांचाच ९.९.९.१० हा पत्ता चाळणी नसलेला नि डीएनएसएसईसी तपासणीही नसलेला आहे, आणि ९.९.९.११ मध्ये ईसीएस चालू आहे. यूट्यूबवरचे 'वेग वाढवा' छापाचे व्हिडिओ बघून लोक हे पत्ते टाकतात आणि क्वाड९ ज्यासाठी घ्यायचं तेच गमावतात.

क्लाउडफ्लेअर १ एप्रिल २०१८ ला आलं. वेग चांगला, सर्व्हर भरपूर, नोंदी २५ तासांच्या आत पुसण्याचं वचन. १.१.१.१ वर काहीच अडवलं जात नाही. १.१.१.२ फसव्या साइट अडवतं, १.१.१.३ त्यासोबत प्रौढांच्या साइटही. खटकते ती गोष्ट वेगळीच: जगातल्या असंख्य साइट आधीच क्लाउडफ्लेअरच्या मागे आहेत. साइटची वाहतूकही तिच्याकडून आणि नावाचा प्रश्नही तिलाच, असं एका अमेरिकी कंपनीकडे किती द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

गूगलचं ८.८.८.८ २००९ पासून आहे आणि तांत्रिकदृष्ट्या भक्कम आहे. पूर्ण आयपी पत्ता असलेल्या तात्पुरत्या नोंदी २४ ते ४८ तासांत पुसल्या जातात. आयपी काढून टाकलेल्या, शहर-प्रदेशाच्या पातळीवरच्या नोंदी कायम राहतात. ईसीएस चालू असतं. जिच्याकडे तुमचा शोध, मेल आणि नकाशा आहे तिलाच डीएनएसही देण्यात गोपनीयतेच्या दृष्टीने काही हशील नाही.

जाहिराती अडवणारं हवं असेल तर?

ॲडगार्ड डीएनएस. कंपनी सायप्रसमध्ये आहे. डीएनएस.ॲडगार्ड-डीएनएस.कॉम या नावावर जाहिराती नि पाळत ठेवणारे डोमेन अडवले जातात. सुरुवातीच्या 'डीएनएस'च्या जागी 'फॅमिली' टाकलं की प्रौढांच्या साइटही बंद होतात आणि शोधयंत्रांची सुरक्षित पद्धत सक्तीने लागते. स्पेलिंग इंग्रजीतलं आहे, मधली आडवी रेघ विसरू नका.

यूट्यूबच्या जाहिराती मात्र कुठलंही डीएनएस अडवू शकत नाही. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच डोमेनवरून येतात. नावावरून वेगळं करणार कसं? जो प्रोव्हायडर तसा दावा करेल त्यापासून लांब राहा.

नेक्स्टडीएनएसबद्दल बरंच ऐकतो.

हाही एक डीएनएस प्रोव्हायडर. ज्यांना काय अडवायचं याच्या स्वतःच्या याद्या ठेवायच्या आहेत, कुठल्या फोनने काय विचारलं ते बघायचं आहे, त्यांच्यासाठी उत्तम. पण खातं उघडलं की तुमचे सगळे प्रश्न एका ओळखीला बांधले जातात. नोंदी ठेवायच्या की नाही, किती दिवस, कुठल्या देशात, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. तो टॅब पहिल्याच दिवशी उघडून ठरवा.

मोफत मर्यादा महिन्याला ३,००,००० प्रश्नांची, म्हणजे दिवसाला १०,०००. एका फोनला पुरते. चार फोन, एक लॅपटॉप आणि सतत कुजबुजणारा स्मार्ट टीव्ही असलेल्या घरात महिना संपायच्या आत संपू शकते. संपल्यावर नेट बंद पडत नाही, पण चाळणी नि नोंदी थांबतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मोफत देतात तर पैसे कुठून येतात?

क्वाड९ देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं. क्लाउडफ्लेअर कंपन्यांना सेवा विकतं आणि इंटरनेटची वाहतूक कशी चालते हे कळणं हाच त्यांचा फायदा. ॲडगार्ड नि नेक्स्टडीएनएस सशुल्क योजनांवर चालतात. या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या साइटवर सापडत नाही त्यांना यादीतून काढा. प्ले स्टोअरवरची 'फास्ट डीएनएस चेंजर' छापाची बरीच ॲप्स याच कारणाने बाद होतात, आणि अँड्रॉइड ९ पासून त्यांची गरजही नाही.

कंपनी कुठल्या देशात आहे याने खरंच फरक पडतो?

पडतो, पण 'स्वित्झर्लंड म्हणजे सुरक्षित' इतका सरळ नाही. २०२१ मध्ये सोनी म्युझिकने जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या न्यायालयातून क्वाड९वर एक साइट अडवण्याचा आदेश मिळवला. संस्था स्विस, खटला जर्मनीत. क्वाड९ लढत राहिलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उलट उदाहरण ओपनडीएनएस या दुसऱ्या प्रोव्हायडरचं: फ्रान्स आणि पोर्तुगालमधल्या साइट अडवण्याच्या आदेशांनंतर, २०२४ मध्ये त्यांनी त्या देशांत सेवा देणंच थांबवलं. न्यायालयाला देण्यासारखी नोंदच प्रोव्हायडरकडे नसेल तर तुमच्या बाबतीत देश कुठला हा मुद्दा पुष्कळ हलका होतो.

अँड्रॉइडवर कसं लावायचं?

सेटिंग्ज, मग नेटवर्क आणि इंटरनेट, मग प्रायव्हेट डीएनएस. सॅमसंगमध्ये ते कनेक्शन्समधल्या 'मोर कनेक्शन सेटिंग्ज' मध्ये आहे. इतर कंपन्या जागा बदलत राहतात. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'प्रायव्हेट' टाइप करणं सगळ्यात जलद. तिसरा पर्याय, म्हणजे प्रोव्हायडरचं होस्टनेम, निवडा आणि डीएनएस.क्वाड९.नेट भरा. इथे आकडी पत्ता चालत नाही, सुरुवातीला 'एचटीटीपीएस' लावलेलंही चालत नाही. हे वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्हींना लागू होतं.

तिथे 'ऑटोमॅटिक' आधीच निवडलेलं दिसतंय. ते पुरेसं नाही का?

त्याचा अर्थ: नेटवर्कने जो डीएनएस सर्व्हर दिला आहे तो एन्क्रिप्शन देत असेल तर वापर, नसेल तर गुपचूप उघड्यावर जा. समोरचा सर्व्हर खरा आहे का तेही तपासलं जात नाही. होस्टनेम भरलं की दोन्ही गोष्टी पक्क्या होतात, आणि जोडणी जमली नाही तर फोन उघड्यावर न जाता नेटच बंद ठेवतो. पुढच्या बहुतेक तक्रारी याच कडकपणातून येतात.

स्टेशनवरचं किंवा हॉटेलचं वायफाय जोडलं जातं, पण नेट चालत नाही.

अशा ठिकाणी आधी लॉगिनचं पान उघडावं लागतं. रेल्वे स्टेशनवरच्या रेलवायरला मोबाइल नंबर नि ओटीपी लागतो. लॉगिन होईपर्यंत हे नेटवर्क बाहेरचं काही जाऊ देत नाही, त्यात तुमचा डीएनएस प्रोव्हायडरही आला. प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक' किंवा 'बंद' करा, लॉगिन करा, मग परत होस्टनेम निवडा. फोन आधी भरलेलं नाव सहसा लक्षात ठेवतो. परत लावायचं विसरणं ही नेहमीची चूक.

ऑफिसच्या वायफायवर अजिबात चालत नाही. घरी चालतं.

बहुधा पोर्ट ८५३ बंद आहे. ऑफिसची आतली नावं, म्हणजे प्रिंटर, हजेरीची प्रणाली, आतला फाइल सर्व्हर, फक्त तिथल्याच डीएनएसला माहीत असतात, त्यामुळे आयटी विभाग ते जाणूनबुजून बंद ठेवतो. ऑफिसच्या मशीनवर त्यांचंच डीएनएस राहू द्या. तिथे गुप्ततेची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. खासगी काम स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर करा.

काहीच बदललं नाही, तरी एके दिवशी सगळं बंद पडलं.

आधी फोनची तारीख-वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरून फोन काही दिवस पडून राहिला की घड्याळ मागे जाऊ शकतं. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं वाटून फोन जोडणी नाकारतो. वेळ नेटवर्कवरून आपोआप घ्यायचं सेटिंग चालू ठेवा.

आयफोनमध्ये हे सेटिंग सापडत नाही.

कारण नावाने भरायची जागाच नाही. वायफायच्या माहितीत 'कॉन्फिगर डीएनएस' दिसतं, पण ते उघडं डीएनएस आहे आणि त्या एका वायफायपुरतंच. आयओएस १४ पासून एन्क्रिप्टेड डीएनएस प्रोफाइलमधून किंवा प्रोव्हायडरच्या ॲपमधून लावता येतं. प्रोफाइल सफारीत प्रोव्हायडरच्याच साइटवरून उतरवा, सेटिंग्जमध्ये जाऊन ते इन्स्टॉल करा, मग जनरलमधल्या 'व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट' मध्ये डीएनएसखाली ते निवडलेलं आहे ना ते बघा. कुणी मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेलं प्रोफाइल कधीही लावू नका. प्रोफाइलमधून डीएनएसपेक्षा बरंच काही बदलता येतं.

विंडोज ११ वर?

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय किंवा इथरनेट, हार्डवेअर प्रॉपर्टीज, 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' समोर एडिट, आणि मॅन्युअल. आयपीव्ही४ चालू करून ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२ भरा. दोन्हींखाली 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' ऑन करा आणि उघड्यावर परतण्याची मुभा देणारा 'फॉलबॅक टू प्लेनटेक्स्ट' बंद ठेवा.

इथेच थांबलात तर भारतात हमखास फसाल. आपल्याकडे मोबाइल नि फायबरवर आयपीव्ही६ (आकडी पत्त्यांची नवी, लांब पद्धत; आयपीव्ही४ ही जुनी) सर्रास असतं. आयपीव्ही६ चा रकाना रिकामा ठेवला की नेटवाल्याचा आयपीव्ही६ सर्व्हर तसाच शिल्लक राहतो, आणि विंडोज त्याला खुशाल विचारतो. तिथे २६२०:एफई::एफई भरून एन्क्रिप्शन तिथेही चालू करा.

ब्राउझरमध्येही वेगळं लावायचं का?

पूर्ण फोनवर किंवा कॉम्प्युटरवर लावलं असेल तर गरज नाही. उलट दोन ठिकाणी दोन प्रोव्हायडर असले की ब्राउझर स्वतःचं ऐकतो, बाकीची ॲप्स सिस्टिमचं, आणि बिघाड शोधताना डोकं फिरतं. विंडोज १० किंवा जुनं मशीन असेल तर ब्राउझरमधलं सेटिंग हाच सोपा मार्ग. फायरफॉक्समध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' च्या तळाशी 'मॅक्स प्रोटेक्शन' निवडा. 'इन्क्रीज्ड' मध्ये अडचण आली की तो सिस्टिमच्या डीएनएसवर परततो. क्रोममध्ये 'सिक्युरिटी' खाली 'यूज सिक्युअर डीएनएस' चालू करून प्रोव्हायडर स्वतः निवडा. तसंच सोडलं तर क्रोम सध्याचाच प्रोव्हायडर ठेवतो आणि जमलं तर एन्क्रिप्ट करतो.

दोन रकाने आहेत, तर एकात क्वाड९ नि दुसऱ्यात क्लाउडफ्लेअर टाकू?

नको. दुसरा रकाना म्हणजे फक्त 'अडचणीत वापरायचा' असं नसतं; सिस्टिम दोघांपैकी कुणालाही विचारू शकते. मग फसवी साइट क्वाड९ अडवणार आणि क्लाउडफ्लेअर उघडून देणार. वर तुमचे प्रश्न दोघांकडे गेले. एकाच प्रोव्हायडरचे दोन पत्ते वापरा.

खरंच चालू आहे का ते कसं तपासायचं?

क्वाड९साठी ऑन.क्वाड९.नेट हे पान उघडा. वापरत असाल तर हो म्हणतं. क्लाउडफ्लेअरसाठी ब्राउझरमध्ये १.१.१.१ आणि पुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'हेल्प' टाका. डीओएच की डीओटी तेही दिसतं. पण ते पान फक्त क्लाउडफ्लेअर ओळखतं. क्वाड९ लावून तिथे 'नो' दिसलं म्हणून घाबरलेले बरेच असतात. डीएनएस गळतीच्या चाचणीत (तुमचे प्रश्न कुणाकडे जातात ते दाखवणाऱ्या साइटवर) प्रोव्हायडरचं नाव थोडं वेगळं दिसू शकतं, उदाहरणार्थ क्वाड९ वापरताना वूडीनेट. तीही क्वाड९चीच वाट आहे. तुमच्या नेटवाल्याचं नाव दिसलं तरच चिंता.

नेट हळू झाल्यासारखं वाटतं.

पहिल्या जोडणीला किंचित वेळ लागतो, नंतर तीच जोडणी वापरली जाते आणि फरक जाणवत नाही. जाणवत असेल तर अंतर तपासा: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग ९.९.९.९'. मुंबई-पुण्यात १० मिलिसेकंदांच्या आसपास आलं तर सर्व्हर जवळ आहे. ६० च्या पुढे गेलं तर तुमचा नेटवाला प्रश्न बहुधा सिंगापूरला पाठवतोय, १२० च्या वर असेल तर त्याहून लांब. अशा वेळी ईसीएस नसलेल्या प्रोव्हायडरमुळे व्हिडिओही लांबच्या सर्व्हरवरून येऊ शकतो. हा दोष वाटेचा आहे, प्रोव्हायडरचा नाही, पण भोगायचा तुम्हालाच. तेव्हा त्या जोडणीवर क्लाउडफ्लेअर वापरून बघा.

एखादीच साइट उघडत नाही, शेजाऱ्याकडे उघडते.

दोन शक्यता. प्रोव्हायडरच्या चाळणीत ती अडकली आहे: क्वाड९च्या साइटवर नाव टाकून ते अडवलं आहे का बघता येतं आणि चूक कळवता येते. किंवा त्या साइटच्या डीएनएसएसईसी सह्यांची मुदत संपली आहे. तपासणी न करणारं नेटवाल्याचं डीएनएस ती उघडतं, काटेकोर प्रोव्हायडर नाकारतो. चूक साइटवाल्याची असते आणि सहसा एक-दोन दिवसांत सुधारते. तेवढ्यासाठी प्रोव्हायडर बदलू नका.

सरकारने बंद केलेल्या साइट याने उघडतात का? हे कायदेशीर आहे ना?

एन्क्रिप्टेड डीएनएस वापरायला भारतात बंदी नाही. अँड्रॉइड, विंडोज, क्रोम सगळ्यांत ते आहेच. बंद साइट उघडणं हा त्याचा हेतू नाही आणि तसा भरवसाही नाही. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या फक्त डीएनएसवर अवलंबून नाहीत. वर सांगितलेलं एसएनआय वाचूनही त्या साइट अडवतात.

व्हीपीएन आहे. मग हे लागतं का?

व्हीपीएन चालू असताना त्याचंच डीएनएस वापरा. सगळी वाहतूक त्यांच्याकडे आणि डीएनएस तिसऱ्याकडे दिलं तर बघणारा एक वाढतो, शिवाय त्यांच्या इतर ग्राहकांत तुम्ही वेगळे उठून दिसता.

घरी पाय-होल बसवलंय. झालं एन्क्रिप्टेड?

पाय-होल, म्हणजे घरातल्या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं डीएनएसचं सॉफ्टवेअर, जाहिराती छान अडवतं, पण पुढे प्रश्न उघडाच पाठवतं. सोबत अनबाउंड नावाचं डीएनएस सॉफ्टवेअर लावून थेट मूळ सर्व्हरांपासून विचारायची पद्धत लोकप्रिय आहे. त्यात मधला प्रोव्हायडर गळतो हे खरं, मात्र ते सगळे प्रश्न नेटवाल्यासमोरून उघडे जातात. नेटवाल्यापासून लपायचं असेल तर अनबाउंडला डीओटीने पुढे पाठवायला सांगा, किंवा पाय-होलच्या जागी ॲडगार्ड होम हे तसंच सॉफ्टवेअर वापरा, त्यात डीओएच-डीओटी थेट भरता येतं. भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःचा एकट्याचा डीएनएस उभारणं आणखी फसवं: तिथून निघणारा प्रत्येक प्रश्न तुमचाच. लाखोंच्या गर्दीत मिसळण्याचा फायदा जातो.

टीव्ही आणि हॉटस्पॉटवरच्या लॅपटॉपचं काय?

टीव्हीत सहसा असं सेटिंग नसतं, आणि काही उपकरणांत ८.८.८.८ कारखान्यातूनच पक्कं केलेलं असतं. त्यांच्यासाठी एन्क्रिप्शन राउटरवर हवं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमध्ये टाकता येणारी मोफत प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर जमतं, मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये त्यांच्या राउटरओएस प्रणालीच्या ६.४७ आवृत्तीपासून डीओएच आहे. तिथे प्रमाणपत्र तपासण्याची खूण करायला विसरू नका, नाहीतर समोर कोण आहे याची खात्रीच होत नाही. कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात ही सोय बहुधा नसते. फोनवरचं प्रायव्हेट डीएनएस हॉटस्पॉट घेणाऱ्या लॅपटॉपला लागू होईल असं धरू नका. लॅपटॉपवर वेगळं लावा.

मुलाच्या फोनवर फॅमिली चाळणी लावली की निश्चिंत?

फॅमिली.क्लाउडफ्लेअर-डीएनएस.कॉम लावायला एक मिनिट लागतो, आणि मुलाला काढायला दहा सेकंद. प्रायव्हेट डीएनएसला पासवर्ड नसतो. आठ वर्षांच्या मुलापुरतं ठीक आहे.

निवडलेला प्रोव्हायडरच बंद पडला तर?

होतं तसं. १४ जुलै २०२५ ला क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ जगभर तासाभरासाठी बंद होतं. आपल्याकडे तेव्हा १५ जुलैची पहाट होती. त्या वेळी आकडी पत्त्याने जोडलेले अडकले, तर क्लाउडफ्लेअर-डीएनएस.कॉम या नावाने डीओएच वापरणाऱ्यांचं बरंचसं चालू राहिलं, कारण त्या नावामागचे पत्ते वेगळे होते. कायमचंही बंद होतं: युरोपातलं डीएनएस०.ईयू ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं. म्हणून एक पर्यायी प्रोव्हायडर ठरवून त्याचं नाव कागदावर लिहून ठेवा, फोनवर नाही. नेट बंद असताना ते शोधणार कुठे? आणि घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे लावून दिलं असेल तर 'प्रायव्हेट डीएनएस' बंद कसं करायचं ते त्यांनाही एकदा हाताने करून दाखवा.